राखाडी वाळूचं अंगण

कारा-बुलुन, १२ मे २००८

विहीणबाई बुरुल यांना साबिराचा सलाम.

घरी सगळे बरे असतील. व्याहीबुवांचा खोकला इथे होते तेव्हा बराच होता. त्यांना सांगा, नुसतं कोमट दूध पिऊन तो जायचा नाही.

बेगायिम पोचली असेल. पोरगी होती तोवर घर भरल्यासारखं वाटत होतं, आता मी कोंबड्यांशी बोलते. तुम्ही पाठवलेले बटाटे पोचले. साखरेसारखे गोड निघाले. असे बटाटे आमच्या मातीत होत नाहीत.

एक बोलायचं आहे. राग मानू नका. मानलात तरी बोलणार आहे. पोरीच्या अंगावर मांस नाही. चार वर्षांची झाली, पण आमच्या शेजारणीची नात हिच्याहून दीड वर्षाने लहान असून हिच्यापेक्षा जास्त बोलते. आपली नात पोट धरून कोपऱ्यात बसते. चुलीमागच्या भिंतीचा चुना चाटताना मी तिला दोनदा पकडलं. हात धरला तर चावली. पोट भरलेलं पोर भिंत चाटत नाही, असं आमच्या गावात म्हणतात.

पहिलं नातवंड मुलाकडच्या आजोबा-आजीनं वाढवायचं, ही रीत मला मान्य आहे. माझ्या जाझगुलच्या कुशीतून उचलून मीच ते पोर तुमच्या मांडीवर ठेवलं. लेक-जावई मॉस्कोत लोकांचे जिने पुसतात आणि पैसे तुमच्या घरी पाठवतात. मग पोरीच्या ताटात काय पडतं, एवढं विचारायचा हक्क मला असावा.

तुमची,
साबिरा


केन-बुलाक, ३० मे

साबिराबाई, सलाम.

पत्र मिळालं. तुमच्या व्याहीबुवांनी वाचलं आणि जेवण टाकून उठून गेले. तुमच्या लेखणीला चांगली धार आहे.

या घरात कुत्रंसुद्धा उपाशी झोपत नाही. खाणीच्या गिरणीत दगड निवडायला मी बावीस वर्षं उभी राहिले, तीन मुलं वाढवली, त्यातलाच एक तुमचा जावई. तो काय भिंती चाटून एवढा उंच झाला? बोलायचं म्हणाल तर तोही उशिराच बोलला. आमच्याकडे मुलं उशिरा बोलतात आणि कमी बोलतात. काही घरांत उलटं असतं.

तरी तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगते. पत्र आलं त्या दिवसापासून मी तिला रोज सकाळी हाडांचं कालवण पाजते. आमच्याच कळपातली मेंढी, तिची हाडं रात्रभर मंद चुलीवर ठेवते, सकाळी वर बोटभर चरबी येते. ती तोंड फिरवते, मी नाक दाबून पाजते. गाजरं आमच्याच वाफ्यातली. पालाही आमचाच. बाजारातलं काही तिच्या तोंडात जात नाही.

आणि तिला खेळायला म्हणून आजोबांनी टेकडीखालून गाडाभर वाळू आणून अंगणात टाकली आहे. आमच्या त्या जुन्या गिरणीची वाळू, पिठासारखी मऊ, खडा म्हणून सापडायचा नाही. दिवसभर त्यात बसून भाकऱ्या थापते. पुढच्या वेळी आलात तर पाहा, आणि मग काय लिहायचं ते लिहा.

बुरुल


कारा-बुलुन, १९ जुलै

विहीणबाई, सलाम.

माझ्या लेखणीला धार आहे हे माझे दिवंगत मालकही म्हणायचे. मागचं सोडून द्या.

जाझगुलचा फोन आला होता. म्हणाली, तुमच्या पोस्टातल्या फोनवर तिनं पोरीशी बोलायचा प्रयत्न केला. पोरगी एक शब्द बोलली नाही, नुसती हुं हुं करत राहिली. आधी तुम्हाला 'आपा' म्हणायची, 'दूध' म्हणायची, 'बकरी' म्हणायची. ते शब्द कुठे गेले, असं मला विचारत होती.

तुमच्या गावच्या शाळेत राजधानीची माणसं आली होती आणि मुलांचं रक्त घेऊन गेली, असंही तिच्या कानावर गेलंय. कशासाठी घेतलं? आपल्या पोरीचंही घेतलं का?

दोन ओळी लिहा. या खेपेला टोमणा नाही, नुसतं विचारते आहे.

साबिरा


केन-बुलाक, २१ सप्टेंबर

साबिराबाई, सलाम.

बटाटे काढायची घाई होती म्हणून उशीर. यंदा पीक बरं आहे. वर डोंगरात बर्फ पडलं, खाली अजून ऊन आहे. व्याहीबुवांचा खोकला तसाच.

राजधानीची काही पोरं-पोरी आली होती. त्यांनी सगळ्याच मुलांचं रक्त घेतलं, केसांची बट कापून घेतली, अंगणातली माती पिशवीत भरली. सगळं ठीक आहे म्हणाले. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटली. पोरगी मजेत आहे.

मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर दोन पोती बटाटे आणि टोपलीभर गाजरं पाठवते आहे.

बुरुल


कारा-बुलुन, २६ ऑक्टोबर

विहीणबाई,

बटाटे पोचले, गोड आहेत.

बाजारात माझी मावसबहीण भाजी विकते. ती सांगते की केन-बुलाकचं नाव घेतलं की गिऱ्हाईक पुढे जातं, म्हणून तुमच्या गावचे लोक पोत्यांवर दुसऱ्या गावाचं नाव सांगतात. तिला कारण विचारलं, तर म्हणाली, "तुला ठाऊक नाही? तुझी नात तिथे आहे ना?"

बुरुलबाई, मी रागावणार नाही. पण त्या माणसांनी खरं काय सांगितलं ते लिहा. तुम्ही नाही लिहिलंत तर मी मिनीबसमध्ये बसून येईन आणि तुमच्या दारात सगळ्यांसमोर विचारीन.

साबिरा


केन-बुलाक, ९ नोव्हेंबर

साबिराबाई,

हे पत्र बेगायिमबरोबरच येतं आहे. व्याहीबुवा तिला घेऊन येतील आणि दारातूनच परत फिरतील. त्यांना आत या म्हणू नका. ते यायचे नाहीत, आणि मग तुम्हालाच वाईट वाटेल.

ऑगस्टमध्ये शाळेत आम्हा सगळ्यांना एकेक करून आत बोलावलं. आत एक मुलगी बसली होती, डॉक्टर, माझ्या थोरल्या लेकीच्या वयाची. तिनं आधी बेगायिमला जवळ घेतलं, हिरड्या पाहिल्या, दोन-तीन शब्द विचारले. पोरगी गप्प. मग ती म्हणाली की पोरीच्या रक्तात शिसं आहे, फार आहे, गावातल्या बऱ्याच मुलांच्या रक्तात आहे, पण हिच्या सगळ्यांत जास्त. खाणीचा जो गाळ टेकडीखाली साठलाय तो वाऱ्यानं उडतो, पाण्यानं वाहतो, आमच्या शेतात येऊन बसलाय. बटाटे, गाजरं त्या मातीत असतात. कोंबड्या तीच टोचतात, मेंढ्या तेच गवत खातात.

मग तिनं हळूच विचारलं, "आजी, हिला खायला काय घालता?"

साबिराबाई, मी मान वर करून सांगितलं. मला वाटलं, निदान इथे तरी कुणी मला नाव ठेवणार नाही. म्हटलं, रोज हाडांचं कालवण देते, घरच्या मेंढीचं.

तिनं पेन खाली ठेवलं. मला म्हणाली, "आजी, शिसं हाडांत जाऊन बसतं. मेंढीच्याही."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी पोरीचं नाक कसं दाबत होते ते आठवलं. मी तिथे रडलेसुद्धा नाही. उठले, आभार मानले आणि पोरीला घेऊन बाहेर आले. बाहेर बायका रांगेत उभ्या होत्या. एकीनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही, अशक्तपणा आहे.

घरी आले तर तुमचे व्याही मामबेत अंगणात पोरीच्या वाळूला कड म्हणून दगड लावत बसले होते. त्यांनी ती वाळू कुठून आणली हे मी तुम्हाला केवढ्या तोऱ्यात लिहिलं होतं. नुसती तेवढीच नाही. या घराच्या भिंतींत तीच वाळू आहे, चुलीच्या बैठकीत तीच, पोरगी जो गिलावा चाटते त्यातही तीच. घर बांधलं तेव्हा सगळं गाव गाडे भरभरून नेत होतं. फुकट होती आणि चांगली बसायची.

मग ओमुरझाकच्या घरी सगळे जमले. तो आमच्यातला वयानं मोठा, त्याचा शब्द चालतो. म्हणाला, हे बाहेर गेलं तर आपले बटाटे कोण घेईल, आपल्या पोरी कोण करील, आपल्या पोरांना मुली कोण देईल? झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. उलट मान हलवली. मला तुमचीच भीती वाटली. तुम्ही लिहिलं होतंत की मी पोरीला उपाशी ठेवते. आता कळलं असतं की खायला घालून घालून मी तिला या दशेला आणलं.

कालवण मी त्या दिवशी बंद केलं. पण वाळू तशीच राहू दिली. मामबेत म्हणाले, आज काढली तर शेजारी विचारतील का काढली. पोरगी सप्टेंबरभर त्यात बसली. मी खिडकीतून पाहत होते.

आणि तुम्हाला बटाटे पाठवले. ठाऊक असून पाठवले. दर वर्षी जातात आणि यंदा नाही गेले तर तुम्ही विचाराल, म्हणून पाठवले. यापेक्षा खाली आता मला जाता येत नाही.

डॉक्टरीण म्हणाली होती, पहिलं औषध म्हणजे तिला इथून हलवा. ते मी आज करते आहे, तुमच्या धमकीनंतर. आपल्याकडे पोर रिकाम्या हातानं कुणाच्या घरी पाठवत नाहीत, आजोळी तर नाहीच. मी रिकाम्या हातानं पाठवते आहे. नान नाही, वाळवलेल्या दह्याचं कुरुत नाही, लोकरीचं पांघरूण नाही. अंगावर आहेत ते कपडे मी बाजारातून नवे घेतले आणि बसमध्ये चढताना रस्त्यावर घातले.

बटाटे राहिले असतील तर फेकून द्या.

बुरुल


कारा-बुलुन, १ डिसेंबर

बुरुलबाई,

पोरगी पोचली. व्याहीबुवा खरंच आत आले नाहीत. मी फाटकापर्यंत चहा नेला, तो त्यांनी उभ्यानं घेतला. कप परत देताना ते माझ्याकडे पाहू शकले नाहीत. त्यांना वाटलं, लाज एकट्या त्यांची आहे.

तुमचं पत्र वाचून मी तीन आठवडे लिहू शकले नाही. तुम्ही सगळं लिहिलंत, आता माझं ऐका.

तुमचे बटाटे गोड होते की कडू हे मला ठाऊक नाही. मी ते कधी शिजवलेच नाहीत. जाझगुलचं लग्न झालं त्या पहिल्या वर्षापासून येणारं प्रत्येक पोतं मी मागच्या दरीत ओतते. एका वर्षी मेंढ्यांना घालणार होते, मग तेही नको वाटलं. मेंढ्यांची काळजी होती मला.

तुमच्या गावाबद्दल मी सोयरिकीच्या आधीच ऐकलं होतं. माझ्या दिरानं सांगितलं होतं, तिथली माती खाणीनं खाल्लेली आहे, तिथली पोरं मंद निघतात, तिथे मुलगी देऊ नको. पण जाझगुल तेव्हा एका घरून परत आलेली होती, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या एर्मेकनं ते विचारात घेतलं नाही, तुम्हीही कधी त्यावरून बोल लावला नाही. दुसरं कुणी दारात येत नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं आणि जेवणाला सगळ्यांत मोठा मेंढा कापला.

मग मूल झालं, आणि तुम्ही न्यायला आलात. मी म्हणू शकले असते, राहू दे माझ्याकडे. का म्हणून विचारलं असतंत, आणि मला सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा पोरीला दिलं. ज्या शेतातला बटाटा मी माझ्या भांड्यात पडू दिला नाही, त्या शेतात माझी नात चार वर्षं खाऊन-पिऊन वाढली, आणि मी दर खेपेला लिहीत राहिले, गोड आहेत.

तुम्हाला ठाऊक नव्हतं तोवर तुम्ही प्रेमानं भरवलंत. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. आणि वर मीच तुम्हाला विचारलं, तिच्या ताटात काय पडतं.

परवा आम्ही राजधानीच्या दवाखान्यात जातो आहोत. जाझगुल तिकीट काढून येते आहे. मी तिलाही हे सांगणार आहे.

साबिरा


केन-बुलाक, १४ जानेवारी २००९

साबिराबाई,

तुमचं पत्र मी चुलीत घातलं. मामबेतना वाचून दाखवलं नाही.

खरं सांगू? आधी मला बरं वाटलं. आठवडाभर मी घरात अशी हिंडत होते जणू कुणी माझ्या पाठीवरचं ओझं अर्धं उचललं. मनात म्हणत होते, बघा, मोठी आली विचारणारी. मग एके दिवशी पोरीचा एक मोजा पलंगामागे सापडला आणि त्या बरं वाटण्याची शिसारी आली. तुम्ही दोषी निघालात म्हणून तिच्या रक्तातलं काय कमी झालं?

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्याचा ट्रक आला. तळघरातले बटाटे तो याच दिवसांत नेतो. आमच्या फाटकाशी थांबला तेव्हा मी त्याला सांगितलं, "हे बटाटे खाणीच्या गाळात वाढलेत. मुलांच्या रक्तात शिसं निघालंय. माझ्या नातीच्याही निघालं." त्यानं विचारलं, तुमच्याच शेतातले का? मी म्हटलं, सगळ्या गावातले.

तो रिकामा गेला. सगळ्या गल्लीतून रिकामा. ओमुरझाकची बायको आमच्या उंबऱ्यावर थुंकून गेली. पलीकडच्या घरी म्हातारा वारला, तर जेवणाला आम्हाला बोलावणं नाही. मामबेत माझ्याशी बोलत नाहीत. पण सोडून कुठे गेलेही नाहीत.

काल मात्र मागच्या दारानं शेजारची कांयशा आली, धाकट्याला कडेवर घेऊन. चहा नको म्हणाली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता विचारलं, डॉक्टरणीनं मुलांना काय द्यायला सांगितलं होतं. मी सांगितलं. दूध दुसऱ्या गावचं. हात धुवायचे. हाडांचं कालवण नाही. ती म्हणाली, "मी पण देत होते."

पोरीचं कळवा. चांगलं असेल तरच कळवा असं नाही.

बुरुल


कारा-बुलुन, २२ मार्च

बुरुल,

आता मी तुला तू म्हणणार. आपण दोघींनी एकमेकींना जे लिहिलं त्यानंतर तुम्ही म्हणणं म्हणजे थट्टा आहे.

काल नूरूझचा, नव्या वर्षाचा सण झाला. पोरीनं नवा झगा घातला आणि सगळ्यांच्या मांडीवरून हिंडली. दवाखान्यात एक महिना होती, औषधानं बरंच उतरलंय, पुन्हा उन्हाळ्यात जायचं आहे. पोट दुखत नाही. गाल आलेत. भिंत चाटत नाही. शब्द येताहेत: पाणी, मांजर, चल. डॉक्टर म्हणाले, अंगानं पोर सुधारेल. पण डोक्याचं जे मागे पडलं ते सगळं भरून येईल असं नाही. शाळेत तिला वेळ लागेल. जाझगुल ते ऐकून जिन्यावर बसली. मी सांगितलेलंही तिनं ऐकलं. महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आता गरजेपुरतं बोलते. ती मे महिन्यात परत जाणार, एर्मेक एकटा तिकडचं भाडं भरू शकत नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. ती मला वेणी घालू देत नाही. सकाळी उठली की दाराकडे बघून 'आपा' म्हणते. मी समोर गेले की तोंड फिरवते. तो शब्द तिला परत आला तो तुझ्यासाठी.

तू इथे ये. तीन दिवसांची पाहुणी म्हणून नाही, राहायला. लोक म्हणतील, विहिणीच्या घरी विहीण पडून राहिली, दोघींना लाज नाही. म्हणू दे. आपल्याकडे आता ती पुरेशी आहे, थोडी लोकांनी वाढवली म्हणून काय होतं.

साबिरा


केन-बुलाक, ५ एप्रिल

साबिरा,

तुझं पत्र आल्यावर मी ते मामबेतपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा बोलले: "जा."

मी म्हटलं, तुमचं जेवण? म्हणाले, कांयशा बघेल. ते येणार नाहीत. गेल्या आठवड्यापासून ते अंगणातली वाळू फावड्यानं ओढून पोत्यांत भरताहेत. भरलेली पोती कुंपणाशी रचून ठेवली आहेत. टाकायची कुठे, हे त्यांना कळत नाही, मलाही नाही. जिथे टाकू तिथे कुणाचं तरी पोर खेळणार. राजधानीतून माणसं येणार आहेत म्हणतात, ती सांगतील तोवर ते पोत्यांवर माती ओढून राखण करत बसणार. ओमुरझाक परवा कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. आज त्याच्याही अंगणातून फावड्याचा आवाज येतो आहे.

मी गुरुवारी दुपारच्या बसनं येते. काही आणत नाही. येताना गल्लीतून सामानाशिवाय चालत जावं लागेल, आणि रिकामे हात पाहून सगळ्यांना कळेल मी कुठे आणि का निघाले. कळू दे.

पोरीला आधी सांगू नको. दिसले की ती धावत येईल आणि मला तिला थांबवता येणार नाही. या घराची धूळ माझ्या बाह्यांत आहे, केसांत आहे. तुझा एखादा जुना झगा आणि रुमाल फाटकाबाहेर टांगून ठेव, आणि बादलीभर पाणी. बाहेरच केस धुईन, कपडे बदलीन, काढलेले पिशवीत बांधून टाकीन. लोक बघतील तर बघू देत.

हात कोरडे झाले की मी कडी वाजवीन. मग तिला सोड.

बुरुल